सरळ रस्त्यावरच्या सहा गाड्या

माझ्या वडिलांनी जपानच्या सहा नामांकित स्पोर्ट्स गाड्या चालवल्या आणि सहाच्या सहा सरळ रस्त्यावर चालवल्या. हे त्यांच्या आयुष्याचं दुखणं होतं आणि घरात ते सगळ्यांना पाठ होतं. आई जेवायला वाढताना मुद्दाम विचारायची, "री, आज कुठली गाडी? सुप्रा का स्कायलाइन?" मग बोलण्याच्या नादात आप्पा एक भाकरी जास्त खायचे आणि तिला तेवढंच हवं असायचं.

त्यांचं नाव पंचाक्षरी शेटे. आम्ही आप्पा म्हणतो. आई शांतव्वा निपाणीकडची, त्यामुळं घरात निम्मं कानडी; तिचं 'री' म्हणजे आपलं 'अहो'. मी रक्षिता, त्यांची एकुलती एक मुलगी. मी राजारामपुरीत वेगळी राहते आणि तिथंच माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहे, आणि अकरा वर्षांत ताशी वीसच्या वर मी फारशी गेलेली नाही. निम्म्या कोल्हापूरला मीच गाडी शिकवली असं मी सांगत असते, पण संध्याकाळी बिंदू चौकातली गर्दी बघितली की गप्प बसते.

आप्पा आयटीआय करून उद्यमनगरात ऑइल इंजिनं जोडायचे. पंच्याण्णव साली ते शारजाला गेले, मी पाच वर्षांची होते. तिथं एका गॅरेजात फक्त भारी जपानी गाड्या यायच्या. गाडी ज्यानं दुरुस्त केली त्यानंच ट्रायल घ्यायची, असा तिथल्या मालकाचा दंडक होता. गॅरेजामागून एक रस्ता वाळवंटात सरळ जायचा, चार किलोमीटरवर गोल चौक, तिथं हळूच फिरायचं आणि चार किलोमीटर परत. मालक मीटर बघून किल्ली घ्यायचा. तेरा वर्षं आप्पांनी त्या आठ किलोमीटरांत काय काय चालवलं! आणि तेरा वर्षांत एक वळण म्हणून मिळालं नाही.

दर दोन वर्षांनी ते सुट्टीवर यायचे. बाकीच्यांचे वडील सोनं आणि अत्तर आणायचे, आमचे आप्पा गाड्या आणायचे, म्हणजे अंगात. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पोरांकडं बेअरिंगचे गाडे असायचे. एक फळी, खाली जुनी बेअरिंगं, वळवायला पुढं दोरी. आप्पा मला त्यावर बसवून मागून ढकलायचे, पण प्रत्येक गाडी वेगळी ढकलायचे. सुप्रा असली की आधी नुसते चालत राहायचे. मी वैतागून मागं वळले की असा जोर लावायचे की माझी मान मागं जायची. "टर्बो भरस्तवर वाट बघाय लावती," ते ओरडायचे, "मग मातूर सोडत न्हाय!" आरएक्स-सेव्हन असली की ओठ मिटून एकसारखं गुणगुणत, कुठंही हिसका न देता न्यायचे. त्या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाही, आतलं सगळं गोल फिरतं, म्हणून ती थरथरत नाही, हे मला दुसरीत माहीत होतं. आठचा पाढा येत नव्हता, ती गोष्ट वेगळी.

स्कायलाइनच्या वेळी ते माझे दोन्ही खांदे धरून ठेवायचे. "ही पडू देत न्हाय. चारी चाकं कामाला लावती आणि चालवणाऱ्याला वाटतंय आपणच शाणं." एनएसएक्सचं इंजिन पाठीमागं असतं, म्हणून मला फळीच्या अगदी पुढच्या टोकाला बसवायचे, पाय जवळजवळ रस्त्याला लागायचे. होंडाची एस टू थाउजंड होती, तिला ते दोनहजारी म्हणायचे. तिचं इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढतं, म्हणून आप्पा पळता पळता किंचाळत आवाज वरवर न्यायचे, आणि समोरची बनाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात यायची. "कुणाला लागलं का वो?" असं ती दरवेळी विचारायची.

सहावी माझदाची एमएक्स-फाइव्ह, सगळ्यांत बारकी आणि गरीब. तिच्या वेळी आप्पा ढकलायचेच नाहीत. दोरी हातात घेऊन गाडा नुसता डावीकडं उजवीकडं झुलवत न्यायचे. "हिच्यात जोर न्हाय. हिचं सगळं वळणात हाय म्हणत्यात." म्हणत्यात, एवढंच. स्वतःला काय माहीत, असं मी एकदा विचारलं तेव्हा ते फळीवर माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "ह्या गाड्या वळणासाठी केल्यात गं बाळ. मी जेवणावळीत पानावर बसलो आणि मीठ चाटून उठलो." तेव्हा मला ते हसायला आलं होतं. आता येत नाही.

दोन हजार आठला ते कायमचे परत आले आणि उद्यमनगरात गॅरेज टाकलं. पहिला महिना मजेचा गेला. शारजात स्टेअरिंग डावीकडं आणि गिअर उजव्या हाताला, त्यामुळं इथं दसरा चौकात गिअर टाकायला गेले की उजवा हात दारावर आपटायचा. गिऱ्हाइकाच्या मारुतीत दुसऱ्या गिअरच्या ऐवजी त्यांनी काच खाली केली, असं आई सगळ्या पाव्हण्यांना सांगत असे. हळूहळू हात सुधारला. अल्टो आल्या, बोलेरो आल्या, उसाचे ट्रॅक्टर आले. संध्याकाळी मोबाइलवर गाड्या बघणारी तरणी पोरं जमायची आणि विचारायची, "काका, ह्यातली एक नंबर कुठली?" आप्पा सरळ सांगायचे, "वळणावर चालवल्याबिगर काय सांगू? मला म्हायती न्हाय." बढाई मारायला एवढा मुबलक माल असून त्यांनी ती कधी मारली नाही. ह्याचा मला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

खरी गंमत म्हणजे आता आजूबाजूला वळणंच वळणं होती. पन्हाळा, आंबोली, फोंडा, गगनबावडा. उद्यमनगरला सोमवारी सुट्टी. त्या दिवशी आप्पा पहाटेची एसटी धरायचे, ड्रायव्हरच्या पाठीमागची खिडकी पकडायचे, गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरायचे आणि पुढच्या एसटीनं परत चढायचे. महिन्यातून एकदा तरी. आई विचारायची, "देवाला जाताय का घाटाला?" ते म्हणायचे, "वळणं बघून येतो." एसटीत बसून, हातात तिकीट धरून माझे वडील कुठल्या वळणावर कुठली गाडी चालवत होते हे आम्हाला फार उशिरा कळलं.

गेल्या दिवाळीनंतर राजवर्धन नावाचा एक दूध संघवाल्यांचा मुलगा बंगळूरहून जुनी निसान ३७०झेड घेऊन आला. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची, साध्या गिअरची. त्या सहांतली नव्हती, पण त्याच घराण्यातली. आधीच्या मालकानं गर्दीत चालवून क्लच संपवला होता आणि कोल्हापुरात तिला हात लावायला कुणी तयार होईना. आप्पांनी लावला. पार्ट यायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत ते रोज दाढी करून गॅरेजला गेले, हे आईनं माझ्या कानात सांगितलं.

काम झालं तेव्हा राजवर्धननं किल्ली त्यांच्याच हातात ठेवली. "काका, टाकी भरलीया. सोमवार तुमचा. कुटंबी न्या, पर सांच्याला परत आणा."

आप्पा सहासष्ट वर्षांचे. त्या रात्री त्यांनी मला फोन केला. आवाज असा होता की मला वाटलं आईला काही झालं. "रक्षे, सोमवारी क्लास बंद ठेव. घाटाला जायचंय. झेड घिऊन."

मी क्लास बंद ठेवला. आठ वाजता आप्पा दारात हजर, धुतलेला शर्ट, कपाळावर विभूती. मी डावीकडं बसले. सीट इतकी खाली की रंकाळ्यावर फिरणाऱ्या लोकांचे मला फक्त गुडघे दिसत होते. फुलेवाडीच्या नाक्यावर आप्पांचा उजवा हात जोरात दारावर आपटला. सोळा वर्षांनी! असली गाडी बुडाखाली आली आणि हात परस्पर शारजाला गेला. आम्ही दोघंही इतके हसलो की मागचा टेंपोवाला हॉर्न मारायला लागला.

बालिंग्याचा पूल गेला, कळे गेलं. दोन्हीकडं ऊस, आणि प्रत्येक गावानं आपापल्या मर्जीनं बांधलेला गतिरोधक. बुटक्या गाडीचं पोट घासू नये म्हणून आप्पा प्रत्येक गतिरोधक तिरका चढत होते आणि त्या गावाच्या सरपंचाची चौकशी करत होते. गतिरोधक संपला की झेड दबक्या आवाजात गुरगुरायची. ह्या गाडीत एक बटण आहे. ते दाबलं की गिअर खाली टाकताना इंजिनाचा वेग ती स्वतः जुळवून घेते. आप्पांनी ते बंद ठेवलं होतं. "मला शिकवाय लागली व्हय!" असं म्हणून ते स्वतःच्या टाचेनं अ‍ॅक्सिलरेटरला हलका टोला देत गिअर उतरवत होते, आणि असं सफाईदार की मला पाठीला काही कळत नव्हतं. मला फार बरं वाटत होतं. त्यांना एवढं खुशीत मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं.

साळवणला चहा घेतला. आप्पांनी खिशातून बारकी बाटली काढली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. "धूळ," ते म्हणाले. काचा बंद असलेल्या गाडीत कसली धूळ, हे मला विचारायचं सुचलं नाही. वर्षभर ते ताटाशेजारचा पेला हातानं उडवत होते, दाराच्या चौकटीला खांदा घासत होते, आणि आई त्यांना वेंधळे म्हणत होती. तेही मला तेव्हा आठवलं नाही. दुसऱ्यांच्या डोळ्यांकडं बघायचे मी पैसे घेते आणि घरचे डोळे बघितले नाहीत.

साळवणनंतर रस्ता वळायला लागला. आप्पांनी पाठ ताठ केली. डावीकडं एक लांब वळण आलं आणि वळणाच्या आतल्या अंगाला, अगदी कडेनं, डेअरीला दूध घालून परत निघालेला एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता. मला तो लांबूनच दिसला. आप्पा त्याच्या बाजूनंच गाडी आत घेत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. शिकाऊ माणूस घाबरला की डोळे कसे होतात ते मी रोज बघते. आप्पांचे डोळे शांत होते. त्यांच्या लेखी तिथं कुणी नव्हतंच.

मी ब्रेक दाबला. पूर्ण ताकदीनं दाबला, पाय जमिनीवर आपटला, आणि तिथं ब्रेक नव्हता. अकरा वर्षांत माझ्या पायाखाली पहिल्यांदा काही नव्हतं. मग मी किंचाळले, "आप्पाऽ डावीकडं माणूस!"

त्यांनी आवाजावरच स्टेअरिंग ओढलं. म्हातारा हातभर अंतरानं वाचला. त्याच्या कॅनचं झाकण खणखणत रस्त्यावर गेलं आणि तो आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. मी उतरून त्याला झाकण आणून दिलं, हात जोडले. परत आले तेव्हा आप्पा गाडी कडेला लावून इंजिन बंद करून बसले होते.

"कधीपासनं?" मी विचारलं.

त्यांनी स्टेअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाले, "दीड वरीस. काचबिंदू म्हणाला डाक्टर. कडंचं खात येतंय म्हणं." त्यांनी दोन्ही तळवे कानांपाशी उभे धरले आणि हळूहळू डोळ्यांकडं आणले. "सरळचं दिसतंय गं अजून. वळणाचं न्हाय दिसत."

मला त्यांना मारावंसं वाटलं आणि कुशीत घ्यावंसं वाटलं. दोन्ही एकदम. मी म्हणाले, "आप्पा, किल्ली द्या. मी चालवतो."

"घाट तेवढा हू दे की. सात-आठ वळणं. तू सांग डावी-उजवी, मी तुझ्या डोळ्यानं चालवतो."

"न्हाय."

"रक्षे, आयुष्यात एकदा मागतोय."

माझ्याकडं शिकायला येणारी माणसं रडतात, चिडतात, माझ्या नावानं खडे फोडतात. मी कुणाला भीक घालत नाही. पण हा माणूस माझ्यासाठी गल्लीतून किंचाळत पळाला होता. मी हो म्हणणार होते, हे कबूल करते. तेवढ्यात तो म्हातारा सायकल ढकलत आमच्या खिडकीशेजारून पुढं गेला, आणि आप्पांनी मान पूर्ण वळवून त्याच्याकडं बघितलं. मान वळवल्यावरच तो त्यांना दिसला. ते उतरले आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. बॉनेटवर हात ठेवून आले, कडेनं, चाचपत.

गगनबावडा ओलांडून घाटाच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. खाली सगळं कोकण उन्हात पडलं होतं. आप्पांनी हात पुढं करून ते बटण चालू केलं. "तुला लागंल," म्हणाले. मला राग आला, पण खरंच लागलं.

"पयलं वळण सुप्राचं," ते म्हणाले.

"काय?"

"मी वाटून ठेवल्यात. लांब हाय, उतार हाय. इथं सुप्राला पाय हलका लागंल. मधीच टर्बो भरला तर मागचं चाक सुटंल. ही तशी न्हाय, हिचा जोर पयल्यापासनं हाताशी हाय. ब्रेक आधी. गिअर आधी. वळणात फकस्त वळायचं."

मी वीसनं गेले. दुसऱ्या वळणावर खडी सांडली होती. "हितं स्कायलाइन पायजे," ते म्हणाले, "तिनं आपलं आपण सावरलं असतं. तू सावर. आणि शिकाऊगत चाकापुढं बघू नको. वळण सुटतंय तिकडं बघ. गाडी डोळ्याच्या मागनं येती." हे मी रोज दहा जणांना सांगते. स्वतः कधी केलं नव्हतं, वीसच्या वेगात करावं लागत नाही. मी लांब बघितलं. गाडी आली.

नंतरच्या वळणांचं मला नीट सांगता येणार नाही. रस्ता रिकामा होता. उजवीकडच्या एका घट्ट वळणावर आप्पा म्हणाले, "आरएक्स-सेव्हन. तिचं नाक हलकं, तू मनात आणस्तवर आत गेली असती. हिचं नाक जड हाय, थोडी आधी सांग तिला." मी आधी सांगितलं. पुढं दरीच्या कडेनं रस्ता उघडा होता, ते एनएसएक्सचं, तिच्यातून सगळी दरी दिसली असती. मधल्या एका छोट्या चढावर दोनहजारी, खालच्या गिअरात, किंचाळत. या वेळी आप्पा किंचाळले नाहीत, नुसतं तोंड उघडलं. त्यांनी डोळे मिटले होते. कधी मिटले ते मी बघितलं नाही.

मग एकामागून एक तीन वळणं आली, डावी, उजवी, डावी. आप्पांनी ती कुणाची ते सांगितलं नाही. मला माहीत होतं, ती बारकी सहावीच राहिली होती. मी दोन वळणांच्या मध्ये ब्रेक लावला नाही, नुसता पाय उचलला, पुन्हा ठेवला, आणि ती एवढी जड गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर अलगद आली. मला हसू फुटलं. लाज वाटली, कारण हे हसू त्यांचं होतं.

"काय झालं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं. "सांग की. काय झालं आत्ता?"

"आप्पा, आधी नाक आत गेलं. मग गाडी माझ्या कमरेपासनं फिरली."

"कमरेपासनं?"

"व्हय. स्टेअरिंगनं न्हाय. कमरेनं."

त्यांनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. "मला वाटलंच हुतं," ते म्हणाले, "मला वाटलंच हुतं," आणि रडले. लहान पोरासारखे, आवाज करून रडले. मीही रडले असते, पण वळण होतं.

घाट उतरल्यावर भुईबावड्याच्या अलीकडं आंब्याच्या सावलीत मी गाडी लावली. त्यांनी तोंड पुसलं. इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं. आता परत जायचं, राजवर्धनला किल्ली द्यायची, आईला डोळ्यांचं सांगायचं. आणि उद्या सकाळी आठ वाजता आप्पा उद्यमनगरात कुणाची तरी बोलेरो ट्रायलला बाहेर काढणार. मी हात पुढं केला.

"आप्पा, लायसन्स."

त्यांना कळलं. "कोल्हापुरात गेल्यावर देतो."

"आत्ता."

त्यांनी पाकीट काढलं. त्यात आईचा फोटो होता, त्यामागून कार्ड काढलं, बोटानं पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. वर बोट तसंच दाबून धरलं होतं. मी ओढलं नाही. त्यांनी उचलेपर्यंत थांबले.

अकरा वर्षांत मी दोन हजारांवर माणसांना लायसन्स मिळवून दिलं. काढून घेतलं ते एकाचंच, आणि गाडी म्हणजे काय ते मला त्यानंच शिकवलं होतं.